जेवाय बसलं की फुगतंय: लाळेच्या नळीतला खडा

अण्णांची एक दाढ फुकट गेली, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. किडलेली होती, त्यामुळे काढणाऱ्याला फार दोष देता येत नाही; पण दुखणं तिचं नव्हतं. डाव्या जबड्याच्या हाडाखाली लिंबाएवढी गाठ यायची आणि दाढेपासून कानापर्यंत ठणका लागायचा. दाढ काढली. पाच-सहा दिवस अण्णा मऊ भात आणि दुधावर होते, तेवढे दिवस बरं वाटलं. पुढच्या रविवारी मटणाच्या रश्श्यात लिंबू पिळलं, पहिला घास तोंडात गेला आणि गाठ पुन्हा हजर.

मग घरात निदानांची पंगत बसली. आई म्हणाली, गालगुंड; तिने गेरू उगाळून लावला. शेजारच्या काकू म्हणाल्या, लहानपणी झालं नसेल तर म्हातारपणी होतंच. माझ्या मनात मात्र भलतंच होतं. अण्णांनी चाळीस वर्षं गणपती पेठेत हळदीच्या अडतीवर मुनिमकी केली आणि तितकीच वर्षं तंबाखू मळली. मानेला गाठ आणि तोंडात तंबाखू म्हटल्यावर आपल्याकडे पुढचं कुणी बोलत नाही.

सांगलीत असं अडलं की शेवटी मिरज. तिथल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तोंड उघडायलासुद्धा सांगितलं नाही. आधी विचारलं, "काका, गाठ येते कधी आणि जाते कधी?"

"जेवाय बसलं की फुगतंय. उठून तासभर पडलं की बसतंय. काल नुसतं भडंग खाल्लं, तरी तेच."

"मग खडा असणार," डॉक्टर म्हणाले. "लाळेच्या नळीत."

मुतखडा माहीत होता, पित्ताचा खडा माहीत होता. लाळेतही खडा होतो हे मला त्या दिवशी कळलं. नंतर डॉक्टरांना छळून आणि स्वतः वाचून जे समजलं ते इथे लिहितोय. गाठीची वेळ कुणी आधी विचारली असती, तर ती किडकी का होईना, दाढ जागेवर राहिली असती.

उपसा योजना

आपल्या तोंडात रोज साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ येते. ती बनवणाऱ्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात: कानापुढे गालात एक, जबड्याच्या हाडाखाली एक, जिभेखाली एक. शिवाय ओठ, गाल आणि टाळूच्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात. गालगुंडात बहुतेक वेळा सुजते ती कानापुढची. अण्णांची सुजत होती ती जबड्याखालची.

ही ग्रंथी कुठे उघडते ते आरशात बघता येतं. तोंड उघडून जिभेचं टोक टाळूला लावा. जिभेखाली मधोमध जी पातळ पट्टी दिसते, तिच्या पायथ्याशी दोन्ही बाजूंना मोहरीएवढे दोन उंचवटे असतात. स्वच्छ रुमालाने ती जागा टिपून घ्या आणि जिभेवर लिंबाचा एक थेंब टाका. दोन्ही उंचवट्यांवर पाण्याचे मणी उभे राहतील, कधी तर बारीक चिळकांडीच उडेल. अण्णांना हे करायला लावलं तेव्हा उजवीकडे मणी आला, डावीकडची जागा कोरडी राहिली आणि तिकडे जबड्याखाली गाठ वर येऊ लागली. मी मोबाइलचा टॉर्च धरून उभा होतो. इतकं साधं, घरच्या आरशात दिसणारं लक्षण, आणि आम्ही महिनाभर गेरू उगाळत बसलो होतो.

आता खडे जबड्याखालच्या ग्रंथीतच इतके का होतात? 100 खड्यांपैकी 80 ते 90 तिथेच सापडतात. उत्तर आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला चटकन कळेल. म्हैसाळ आणि टेंभूच्या योजना कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने वर उचलतात, तेव्हा कुठे ते दुष्काळी भागात पोचतं. पंप थांबला की पाणी जागेवर, आणि थांबलेल्या पाण्यात गाळ बसतो. जबड्याखालची ग्रंथी खाली आणि तिचं तोंड वर, जिभेखाली. मधली नळी साधारण 5 सेंटिमीटर लांब, वाटेत एका स्नायूच्या कडेला वळसा घालून चढणारी आणि तोंडाशी सगळ्यात अरुंद. त्यात या ग्रंथीची लाळ दाटसर, कॅल्शियम जास्त असलेली आणि थोडी अल्कधर्मी. गाळ बसायला आणखी काय हवं?

कानापुढच्या ग्रंथीची लाळ पाण्यासारखी पातळ असते. तिची नळी गालातून पुढे येते आणि वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर उघडते. तिथेही खडे होतात, पण कमी. जिभेखालच्या ग्रंथीत फारच क्वचित.

थोडं विषयांतर करतो. जबड्याखालच्या नळीला ज्याचं नाव आहे, त्या थॉमस व्हार्टनने तिचं वर्णन 1656 मध्ये छापलं. गालातल्या नळीला नील्स स्टेन्सनचं नाव आहे. 1660 मध्ये ॲमस्टरडॅमला मेंढीची मुंडी फाडून बघताना त्याला ती सापडली. मुंडी आपण इतकी खातो, पण नळी शोधायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. हाच स्टेन्सन पुढे खडकांकडे वळला आणि जमिनीचे थर एकावर एक कसे साचतात याचे नियम त्याने 1669 मध्ये मांडले. लाळेतला खडाही कापून पाहिला तर कांद्यासारखे थर दिसतात. चिकट स्राव, झडलेल्या पेशी, जंतू असं काहीतरी मध्ये अडकतं आणि त्याच्याभोवती कॅल्शियम फॉस्फेटचे लेप चढत जातात. दातांवर कीटण धरतं, ते याच जातीतलं.

घरोघरच्या सल्ल्यांचं उत्तरही इथेच मिळतं. मुतखडा बहुतेकदा कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो, म्हणून तिथे पालकाचं पथ्य सांगतात. लाळेच्या खड्याशी त्याचा संबंध नाही. या रुग्णांच्या रक्तातलं कॅल्शियमही सहसा व्यवस्थितच असतं, त्यामुळे दूध तोडायचं कारण नाही. आईने मुतखड्यावर चालतं म्हणून हुलग्याचं माडगं सुरू केलं होतं. अण्णांनी ते आवडीने प्यायलं, पण त्याने नळीतला खडा विरघळत नाही. विरघळवणारं असं औषध ॲलोपथीतही नाही.

अण्णांना वेगळीच काळजी होती. "डॉक्टर, तंबाखूचा चुना साठला असंल का?" डॉक्टर हसले. चुन्याने गालाची साल जाते, तंबाखूने कॅन्सर होतो, तेवढे गुन्हे पुरेत म्हणाले. या खड्यातलं कॅल्शियम लाळेचंच असतं. त्यांचा संशय दुसरीकडे होता. हळदीच्या धुरळ्याने अण्णांना शिंका यायच्या आणि वर्षानुवर्षं ते रात्री सर्दीची गोळी घ्यायचे. अशा गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. लघवी वारंवार होऊ नये म्हणून देतात त्या काही गोळ्या, नैराश्याच्या काही गोळ्या यांनीही तसंच होतं. त्यातून अडतीवर दिवसभर पाणी पिण्याची बोंब. लाळ कमी आणि दाट झाली की चढणीवर ती रेंगाळणारच. (गोळ्या मात्र मनाने बंद करू नयेत. डॉक्टरांना दाखवून बदलून घ्याव्यात.)

आणि जेवतानाच का? घास दिसला, वास आला की ग्रंथीला लाळ सोडायचा हुकूम जातो. बाहेरची वाट अडलेली, म्हणून लाळ मागे तुंबते, ग्रंथी ताणली जाते, दुखते. जेवण झालं की नवी लाळ कमी होते, तुंबलेली खड्याच्या कडेने झिरपत निघून जाते आणि गाठ बसते. आंबट सगळ्यात जास्त लाळ काढतं, म्हणून लिंबू, चिंच, कैरी यांनी लगेच कळ येते. मऊ भात आणि दुधाला फारशी लाळ सुटत नाही. दाढ काढल्यावर अण्णांना पाच-सहा दिवस बरं का वाटलं, त्याचा उलगडा मला इथे झाला.

सगळ्यांचं असंच होतं असं नाही. खडा नळीत सैल बसला असेल तर काहीच त्रास होत नाही. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत तो अचानक दिसतो.

बोट, सोनोग्राफी, फिल्म

तपासणी बघण्यासारखी होती. डॉक्टरांनी हातमोजा घालून एका हाताचं बोट जिभेखाली ठेवलं, दुसऱ्या हाताची बोटं बाहेरून जबड्याखाली, आणि दोन्हींच्या चिमटीत ती जागा मागून पुढे चाचपत आणली. पुढून मागे चाचपलं तर खडा ग्रंथीकडे ढकलला जातो, हे त्यांनी सांगितलं. मध्येच थांबून म्हणाले, "हा बघा. तुरीच्या दाण्यासारखा लागतोय." मग ग्रंथी बाहेरून दाबली आणि जिभेखालच्या उंचवट्यावर नजर ठेवली. तिथून स्वच्छ लाळ येते, गढूळ येते, पू येतो की काहीच येत नाही, यावरून पुढचं बरंचसं कळतं. त्याच खुर्चीत त्यांनी अण्णांचे गाल, जीभ, टाळू, गळा, मान सगळं बारकाईने पाहिलं. तंबाखू खाणाऱ्याचं हे केल्याशिवाय सोडू नये, असं त्यांचं मत. माझा श्वास तेव्हा कुठे खाली बसला.

नंतर सोनोग्राफी. खर्च कमी, किरणांचा प्रश्न नाही, आणि 2 मिलिमीटरपासून पुढचे खडे सहसा दिसतात: पांढरा ठिपका आणि त्यामागे काळी सावली. नळी फुगली आहे का, ग्रंथीत पू साठला आहे का, हेही कळतं. नळीच्या अगदी पुढच्या टोकाचा खडा मात्र कधी कधी सोनोग्राफीतून निसटतो आणि बोटाला लागतो.

एक्स-रे काढायचा तर कुठला, हे महत्त्वाचं. संपूर्ण जबड्याचा जो रुंद एक्स-रे दातांसाठी काढतात, त्यात खड्याची सावली हाडावर पडते आणि तो दाताजवळचंच काहीतरी वाटतो. इथे कामाची ती दातांमध्ये आडवी चावून धरायची छोटी फिल्म, किरण हनुवटीखालून वर. जबड्याखालचे बहुतेक खडे तिच्यात तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे दिसतात. गालातल्या ग्रंथीचे खडे एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाहीत. खडे जास्त असतील, खोल असतील किंवा शंका उरली असेल तर सीटी स्कॅन. खडा दिसायला त्यात रंगाचं इंजेक्शन लागत नाही. नळीत रंग भरून फोटो काढायची जुनी तपासणी आता कमी झाली आहे, आणि जंतुसंसर्ग असताना ती करायची नसते.

अण्णांचं सोनोग्राफी आणि एका फिल्मवर भागलं. खडा 8 मिलिमीटर लांब, नळीच्या पुढच्या भागात.

जबड्याखालची प्रत्येक गाठ खडा नसते, हे इथे ठासून सांगायला हवं. जेवणाशी देणंघेणं नाही, दुखत नाही, पण आठवड्यांमागून आठवडे तिथेच आहे किंवा हळूहळू वाढते आहे, ती गाठ मला जास्त भीतीदायक वाटते. त्यात ओठ किंवा जीभ बधिर झाली, गालाची हालचाल कमी झाली, तर सुई घालून पेशी तपासून घ्यायला वेळ लावू नये. क्षयाच्या गाठीही मानेत होतात. दोन्ही बाजूंच्या ग्रंथी सुजतात आणि तोंडाबरोबर डोळेही कोरडे पडतात, तेव्हा शोग्रेन नावाचा वेगळाच आजार शोधावा लागतो. आणि कधी कधी नळी नुसतीच आकसलेली असते. लक्षणं हुबेहूब खड्याची, खडा मात्र नाही.

तुंबलेल्या लाळेत जंतू वाढले की चित्र बदलतं. गाठ जेवणानंतरही उतरत नाही, कातडी लाल होते, ताप येतो, तोंडात पुवाची घाण चव येते. मग डॉक्टर अँटिबायोटिक देतात. ते मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने घ्यायचं दुखणं नव्हे. आणि जिभेखालचा भाग दोन्हीकडून सुजून जीभ वर उचलली गेली, स्वतःची थुंकी गिळता येईना, आवाज जाड झाला, श्वास लागू लागला, तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही. रात्रीच दवाखाना गाठायचा. अशी सूज श्वासाची वाट बंद करू शकते.

काढायचा कसा

2 मिलिमीटरच्या आतबाहेरचे खडे अनेकदा आपोआप निघून येतात. त्यासाठी भरपूर पाणी, शेक, वेदनाशामक गोळी आणि मालीश. मालीशची दिशा मागून पुढे: जबड्याच्या कोपऱ्यापासून हनुवटीकडे, जेवणानंतर चार-पाच मिनिटं. सोबत लिंबाची फोड किंवा आंबट गोळी चोखायची, म्हणजे मागून लाळेचा लोंढा येऊन खडा ढकलला जातो. पण खडा घट्ट रुतला असेल तर आंबटाने नुसती कळ येते. तसं झालं तर हट्टाने चोखत बसू नये.

अण्णांचा खडा एवढ्याने जाणारा नव्हता. पण तो पुढच्या भागात आणि बोटाला लागणारा, त्यामुळे तोंडातूनच काढायचं ठरलं. जागेपुरती भूल दिली. पहिली गोष्ट केली ती खड्याच्या मागे नळीभोवती एक टाका घालून धरून ठेवायची, म्हणजे खडा मागे पळत नाही. मग नळीवर छोटी चीर, आणि खडा चिमट्यात. चीर पुन्हा शिवून बंद केली नाही. घट्ट शिवली तर नळी आकसून नव्याने अडते. म्हणून ती उघडी ठेवतात आणि लाळ तिथूनच वाट काढते. अर्ध्या तासाच्या आत अण्णा बाहेर आले. जीभ जड, बोलणं बोबडं, आणि पहिला प्रश्न, "खडा दिला का?"

हीच गोष्ट मागच्या भागात, ग्रंथीच्या तोंडाशी असलेल्या खड्याची असती तर इतकी सोपी नसती. जिभेला संवेदना देणारी नस मागच्या दाढांजवळ याच नळीखालून जाते. तिला धक्का लागला तर जिभेची ती बाजू काही काळ, क्वचित कायमची, बधिर राहू शकते. म्हणून पूर्वी मागचा खडा म्हटलं की मानेवर चीर घेऊन पूर्ण ग्रंथीच काढायची पद्धत होती.

1990 च्या दशकात युरोपातल्या डॉक्टरांनी यावर एक नाजूक उपाय रुळवला: लाळेच्या नळीत जाणारी दुर्बीण. तिची जाडी साधारण 1 मिलिमीटरच्या आसपास. जिभेखालचं ते मोहरीएवढं तोंड हळूहळू रुंद करून दुर्बीण आत सरकवतात, पाणी सोडत नळी आतून बघतात, खडा दिसला की तारेच्या इवल्या टोपलीत पकडून ओढून आणतात. साधारण 3-4 मिलिमीटरपर्यंतचा सुटा खडा असा निघतो. मोठा असेल तर आधी लेझरने फोडतात, नाहीतर दुर्बिणीने जागा पक्की करून छोटी चीर घेतात. नळी आकसलेली असेल तर तीही याच वेळी रुंद करता येते. ही सोय अजून मोठ्या शहरांतल्या मोजक्या ठिकाणी आहे, खर्चही जास्त. गुटखा-माव्याने तोंड उघडायचं कमी झालं असेल तर दुर्बीण सोडाच, साधी चीर घेणंही अवघड होतं.

आपल्याकडे खडा म्हटलं की लोकांना पित्ताची पिशवी आठवते: खडे झाले, पिशवी काढली, विषय संपला. लाळेच्या ग्रंथीला हा न्याय लावू नये. अडथळा गेला की वर्षानुवर्षं सुजणारी ग्रंथीसुद्धा पुन्हा चांगलं काम करू लागते, असा अनुभव आहे. म्हणून कुणी थेट ग्रंथी काढायचा सल्ला दिला तर माझ्या मते दोन गोष्टी विचाराव्यात: खडा नळीत नेमका कुठे आहे, आणि तो तोंडातून किंवा दुर्बिणीने का निघणार नाही. उत्तर पटलं तर घाबरायचं कारण नाही. वारंवार पू होणारी, आतून खड्यांनी भरलेली, निकामी झालेली ग्रंथी काढावीच लागते. एक ग्रंथी गेल्याने तोंड सहसा कोरडं पडत नाही, बाकीच्या सांभाळून घेतात. जपायचं असतं ते नसांना: खालच्या ओठाचा कोपरा हलवणारी, जिभेला संवेदना देणारी आणि जीभ हलवणारी, अशा तीन नसा जबड्याखालच्या ग्रंथीच्या शेजारी असतात. गालातल्या ग्रंथीतून तर चेहरा हलवणारी नसच आरपार जाते, त्यामुळे तिथे डॉक्टर जास्तच जपून असतात.

अण्णांना आठवडाभर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मऊ जेवण आणि दुसऱ्या दिवसापासून अधूनमधून लिंबाची फोड, एवढंच सांगितलं. सर्दीची गोळी बदलून दिली. खडे पुन्हा होऊ शकतात, म्हणून पाण्याचा तांब्या आता त्यांच्या खुर्चीशेजारी असतो. तंबाखूचं काय, ते मला विचारू नका. डबी आईने ताब्यात घेतली आहे आणि घरात त्यावरून रोज महाभारत आहे.

खडा एका छोट्या बाटलीत घालून दिला होता. पिवळट, खडबडीत, एका टोकाला निमुळता. "हळकुंडाचं टोक मोडल्यागत दिसतंय," अण्णा म्हणाले, आणि चाळीस वर्षं वजनकाट्याशेजारी बसलेला माणूस जे करेल तेच त्यांनी केलं. दुसऱ्या दिवशी सराफ कट्ट्यावर ओळखीच्या पेढीत जाऊन बाटली पुढे ठेवली. सराफाने आधी खडा बघितला, मग अण्णांकडे बघितलं, आणि मुकाट्याने काट्यावर ठेवला. 120 मिलिग्रॅम. जुन्या हिशोबाने एक गुंज.

"एका गुंजेपायी दाढ गेली," असं म्हणत अण्णांनी बाटली खिशात टाकली आणि परतीच्या वाटेवर अर्धा किलो भडंग घेतलं.